बियांच्या कपाटाची काच

वेधशाळेत आम्ही सगळे त्यांना काचकाका म्हणायचो. नवे आलेले, जुने असलेले, खुद्द संचालकसुद्धा. तळघरात जुन्या प्लेटांची खोली होती. तिचे रखवालदार, कारकून आणि झाडूवाले असे तिन्ही ते एकटेच. मी तिथे यंत्रदुरुस्तीचा मिस्त्री होतो आणि माझी खोली त्यांच्या शेजारीच, त्यामुळे ही हकीकत मी जवळून पाहिली. जी पाहिली नाही ती त्यांनीच पुढे मला सांगितली, आणि स्वतःला वाचवून काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

प्लेट म्हणजे काय ते आधी सांगतो. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत. सव्वा वीत लांब, सव्वा वीत रुंद काच, एका अंगाला उजेडाने काळवंडणाऱ्या मसाल्याचा पातळ थर. ती दुर्बिणीत बसवायची, झडप उघडायची, चाळीसेक मिनिटं थांबायचं, झडप बंद करायची. धुऊन वाळवली की काच राखाडी दिसे आणि तारे त्यावर काळे ठिपके होऊन बसलेले असत. कोपऱ्यात सुईने नंबर कोरायचा, वहीत तारीख आणि झडप उघडल्या-मिटल्याची वेळ लिहायची, आणि प्लेट पेटीत. एका पेटीत चोवीस. अशा शेकडो पेट्या तळघरात होत्या. तरुणपणी काका स्वतः दुर्बिणीवर झडप उघडायला असायचे. पुढे कॉम्प्युटरचे कॅमेरे आले, काचा बंद पडल्या, आणि काचांबरोबर काकाही खाली आले.

त्या खोलीचा दरारा काय सांगू! ओल्या हाताने आत जायचं नाही. पेन खिशात ठेवून जायचं नाही. एकदा संचालक चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे राहिले तर काका म्हणाले, "साहेब, एक तर तुम्ही आत या, नाही तर चहा. दोघं नाही." संचालक निमूट कप बाहेर ठेवून आले. काकांनी लग्न केलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे थोरली बहीण राहायची, ताई. जेवायला तिच्याकडे, झोपायला आपल्या खोलीवर, असं तीस-बत्तीस वर्षं चाललेलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

त्या वर्षी तो धोंडा सापडला.

आमच्याकडे एक बाई होती, तिशी-बत्तिशीची, लघुग्रहांच्या कक्षा काढायची. आम्ही तिला गणितबाई म्हणायचो. बोलायला तिखट, पण मला माझ्या भाषेत समजावून सांगायची, म्हणून मला आवडायची. धोंडा हे नाव आम्ही खानावळीत ठेवलं होतं. कागदावर त्याला वर्ष आणि दोन अक्षरं होती, ती कोणाच्याच लक्षात राहत नव्हती.

"केवढा आहे?" मी विचारलं.

"साठेक मीटर. लांबट असावा. स्वतःभोवती अकरा मिनिटांत गिरकी घेतो, कारण तेवढ्यात त्याचा उजेड दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो."

"मग लहानच की."

"शहरावर पडला तर लहान नाही म्हणणार तुम्ही."

मग तिने कागदावर दोन वर्तुळं काढली, एक दुसऱ्यापेक्षा जराशी मोठी. पृथ्वी सूर्याभोवतीची फेरी तीनशे पासष्ट दिवसांत मारते, हा तीनशे सत्त्याहत्तर दिवसांत. दर फेरीला बारा दिवस मागे पडतो. असा मागे पडत पडत एकतीस वर्षांनी पृथ्वीच त्याला पाठून येऊन गाठते. तेवढे दोन-तीन महिने तो आपल्या जवळ असतो, दिसतो. मग पुन्हा मागे पडतो, आणि एकतीस वर्षं दिसायचं नाव नाही.

"या खेपेला धोका नाही," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला किती जवळून जाईल ते सांगता येत नाही. आत्ता आमच्याकडे फक्त सात आठवड्यांची मापं आहेत. सात आठवड्यांवरून एकतीस वर्षांचं बोलायचं. एका फेरीच्या वेळेत मिनिटाची चूक असेल तर तीस फेऱ्यांत अर्ध्या तासाची होते. अर्ध्या तासात पृथ्वी चौपन्न हजार किलोमीटर पुढे गेलेली असते."

आधी शक्यता नऊशेत एक अशी आली. मग चारशेत एक. मग एकशे ऐंशीत एक. लोकांना वाटलं धोंडा जवळ येतोय. तसं नव्हतं. तो कुठून जाऊ शकेल त्याचा पट्टा मापं वाढतील तसा अरुंद होत होता, आणि पृथ्वी अजून त्या पट्ट्यात होती, म्हणून तिचा वाटा वाढत होता. हे गणितबाईने वर्तमानपत्रवाल्यांना दहा वेळा सांगितलं. दहाही वेळा छापून आलं ते वेगळंच. टेलिफोन दिवसभर खणखणायचा. एका बाईंनी विचारलं, माझी मुलगी आत्ता दोन महिन्यांची आहे, तर तिला कुठल्या गावी द्यावी. दोन महिन्यांच्या पोरीचं लग्न! आम्ही हसलो, पण गणितबाई हसली नाही. तिने त्या बाईंशी अर्धा तास फोनवर बोलून त्यांची समजूत घातली.

तोवर धोंडा दूर चालला होता. रडारच्या टप्प्याबाहेर गेला होता, आणखी तीन आठवड्यांनी दुर्बिणीतूनही दिसेनासा होणार होता. म्हणजे एकशे ऐंशीत एक ही टांगती तलवार लोकांच्या डोक्यावर ठेवून तो तीस वर्षांसाठी निघून जाणार.

एका सोमवारी सकाळी ती तळघरात आली. मी काकांच्या दाराची कडी नीट करत होतो.

"काका, हा एकतीस वर्षांपूर्वीही जवळ आलेला असणार. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पण कोणाच्या तरी प्लेटवर नकळत उमटला असेल. एवढंसं रेघोटं. एक जागा मिळाली तर एकतीस वर्षांचं माप एकदम हातात येतं. सगळ्या वेधशाळांना विचारलं. एकीकडे त्या दिवसांत ढग होते, बाकीच्यांनी त्या भागाकडे पाहिलंच नाही. या अकरा तारखा, आणि हा आकाशाचा भाग. बघता?"

काकांनी वही काढली. पानं उलटताना बोट फिरत होतं ते एका ओळीवर थांबलं. मी बघत होतो म्हणून सांगतो, तोंडावरचा रंगच गेला.

"आहे?" तिने विचारलं.

"चार हजार चारशे सतरा."

"आहे! काका, आहे!" ती जवळजवळ नाचली. "काढा ना."

"पेट्या मागच्या रांगेत आहेत. हलवाव्या लागतील. दोन दिवस द्या."

ती धावत वर गेली. काका वही मिटून बसले. मी म्हटलं, पेट्या हलवायला हात लावू का? ते म्हणाले, "नको." नेहमीच्या आवाजात नाही.

पेटी मागच्या रांगेत नव्हती. कुठल्याच रांगेत नव्हती. ते मला पुढे कळलं.

बावीस वर्षांपूर्वी ताईचा नवरा गेला. पदरात काही नाही, शिक्षण नाही. तिने घरामागच्या जागेत भाज्यांची आणि फुलांची रोपं करून विकायचं ठरवलं. रोपांना ऊन हवं, वारा नको, म्हणून काचेची शेड हवी. त्याच सुमाराला तळघर ओसंडून वाहत होतं. जुने साहेब तोंडी म्हणाले, "ज्यांच्यावर 'वाया' असं लिहिलंय त्या प्लेटा काढून टाका." काकांनी त्या टाकल्या नाहीत, ताईकडे नेल्या. दोघांनी सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवून मसाला खरवडला. खाली लख्ख काच. शेड उभी राहिली. एवढ्यावर भागलं असतं तर कोणाची हरकत नव्हती.

पण छपराच्या टोकाला बारा काचा कमी पडल्या, आणि बियांच्या कपाटाला दारं नव्हती. काकांनी एक पेटी आणखी नेली. तिच्यावर 'वाया' लिहिलेलं नव्हतं. "कोण बघतंय त्या प्लेटांकडे, असं वाटलं," ते मला म्हणाले. "आणि खरंच बावीस वर्षं कोणी बघितलं नाही." बारा प्लेटा खरवडून छपराला लागल्या. उरलेल्या बारा कपाटाच्या दारांना बसवल्या, त्या न खरवडता. खरवडून खरवडून ताईची बोटं सोलली होती, आणि बियांना अंधारच बरा म्हणून राखाडी काच तिला पसंत पडली.

म्हणजे ज्या माणसाने संचालकांना चहा घेऊन आत येऊ दिलं नाही, तो रोज दुपारी ज्या कपाटासमोर बसून जेवत होता त्या कपाटाला वेधशाळेची चांगली पेटी लागली होती. इतकी वर्षं त्यांना त्याचं काही वाटलं नाही का? मी विचारलं होतं. म्हणाले, "पहिलं वर्षभर वाटलं. मग ते कपाट झालं."

मंगळवारी ते माझ्या खोलीत आले. "मिस्त्री, जुनी वाळलेली पुट्टी काच न तडकता कशी काढायची?"

"कुठली काच?"

"ताईच्या कपाटाची."

मी सांगितलं, आधी तेल लावून मुरू द्या, मग बारीक पटाशीने खरवडा, घाई करू नका. पटाशीही दिली. मला काय ठाऊक!

बुधवारी संध्याकाळी कामावरून ते सरळ ताईकडे गेले. कुठली काच सतराची ते कळायला मार्ग नव्हता, कारण कोपऱ्यातले नंबर पुट्टीखाली गेले होते. अर्ध्या काचा छपरावर गेल्या होत्या, तेव्हा सतरा नंबर कपाटाला आहे की सोड्याच्या पाण्यात कधीच धुऊन गेलाय हेही माहीत नव्हतं. ते दारासमोर फतकल मारून बसले. ताई रोपांना पाणी घालून आली.

"काय करतोस?"

"पुट्टी सुटलीय, बघतोय."

"बावीस वर्षांत तुला आज दिसली? जेव आधी. थंड होतंय."

"तू जेव."

"घाम का आलाय एवढा? त्या धोंड्याचं मनावर घेतलंस की काय? अरे, एकतीस वर्षांनी पडणार तो. मी तेव्हा सत्त्याण्णव वर्षांची. माझ्यावर पडला तर उपकारच."

तेल मुरायला वेळ लागतो, आणि त्यांच्याकडे धीर नव्हता. तीन कोपरे नीट निघाले. एकावर शून्य सहा, एकावर बावीस, एकावर अकरा. चौथ्याला पटाशी जरा आत गेली आणि काच टचकन् कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. नंबर दिसला, चौदा. चौदाशी धोंड्याचा संबंध नव्हता. पण तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून प्लेट फुटली नव्हती. ते पटाशी खाली ठेवून तसेच बसून राहिले.

ताई स्वयंपाकघरातून आली, काच बघितली, भावाकडे बघितलं, आणि तिचा आवाज बदलला. "काय झालंय ते सांग मला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू मला म्हणाला होतास, साहेबांनी दिल्यात."

"वाया गेलेल्या दिल्या होत्या. ही पेटी नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी चोरीच्या काचांआड बी ठेवलं." ती उठली आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवलीच नाही. काकांना या गोष्टीचा जितका त्रास झाला तितका आणखी कशाचा झाला नसेल. पंचाहत्तर पावलांवर राहणारी बहीण, पण पुढे दोन महिने ती त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती.

गुरुवारी सकाळी मी खोली उघडतोय तर काका दारात उभे. दाढी केलेली नाही. त्यांनी मला तिथेच सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही चला माझ्याबरोबर बाईंकडे. एकटा गेलो तर तिच्या दारातून परत येईन."

आम्ही वर गेलो. गणितबाई फोनवर होती, हाताने बसा म्हणाली. काका बसले नाहीत. तिने फोन ठेवल्यावर म्हणाले, "पेटी खोलीत नाही. मी घरी नेली होती. शेडच्या आणि कपाटाच्या काचांसाठी."

तिला आधी कळलंच नाही. "कुठली शेड?"

काकांनी पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून, बारा खरवडलेल्या आणि बारा न खरवडलेल्या, आणि कालची फुटलेली. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी हळू म्हणाली, "काका, मी पेन घेऊन आत आले होते म्हणून तुम्ही मला परत पाठवलं होतं." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे वळली. "मिस्त्री, हत्यारं घ्या. गाडी काढायला सांगा. पुट्टी इथे आणून काढू, तिथे कोणी हात लावायचा नाही."

आम्ही कपाटाची दोन्ही दारं बिजागऱ्यांसकट काढली. ताई बियांच्या डब्या जमिनीवर मांडत होती. गणितबाईने तिला म्हटलं, "आजी, दारं परत मिळणार नाहीत बहुतेक." ताई म्हणाली, "मागतंय कोण?" दारं सतरंजीत गुंडाळून मधे ठेवली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. रस्त्यात खड्डा आला की ते डोळे मिटून घ्यायचे.

मी दिवसभर पुट्टी काढत होतो. तेल लावायचं, थांबायचं, केसाएवढं खरवडायचं. गणितबाई प्रत्येक नंबराला वाकून बघायची. काका कोपऱ्यात स्टुलावर. दुपारी चार वाजता आठवी काच निघाली आणि कोपऱ्यात दिसलं, चार चार एक सात.

पण ती काच अख्खी नव्हती. दाराच्या मापात बसावी म्हणून काकांनी तिची एका कडेची दोन बोटांची पट्टी काच कापायच्या हिरकणीने कापून काढली होती. ती पट्टी कुठे गेली? कचऱ्यात, बावीस वर्षांपूर्वी.

तिने काच उजेडाच्या टेबलावर ठेवली आणि भिंग लावलं. अर्धा तास गेला. मला नुसते ठिपके दिसत होते. मग तिने माझा हात धरून भिंगाखाली बोट नेलं. ठिपक्यांमध्ये एक फिकट रेघ, तांदळाच्या दाण्याएवढीही नाही, आणि ती सरळ कापलेल्या कडेपर्यंत जाऊन संपत होती.

"हाच," ती म्हणाली. "एक टोक आहे. दुसरं कापलं गेलं."

"मग चालणार नाही?" काकांनी विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा बोलले.

"सुरुवातीचं टोक गेलं. झडप मिटली तेव्हाचं आहे. चालेल, जर झडप मिटल्याची वेळ खरी असेल तर." तिने वही उघडली. "हे अक्षर तुमचं ना? वेळ घड्याळात बघून लिहायचात की अंदाजाने?"

काका त्या ओळीकडे बघत होते. मला वाटलं, आता माणूस म्हणेल, बघून लिहायचो. कोण तपासायला जाणार होतं? ते म्हणाले, "उघडल्याची वेळ बघून लिहायचो. मिटल्यावर आधी प्लेट काढायची घाई असायची. मग लिहायचो. अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे असेल. जास्त नाही."

"नक्की?"

"जास्त नाही. पण एक मिनिट धरा."

तिने एक मिनिटाची चूक धरली. दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस ती खोलीतून बाहेर पडली नाही. शनिवारी सकाळी कागद घेऊन माझ्या खोलीत आली, कारण काका तिथेच बसले होते, तळघरात जायचं त्यांना धाडस होत नव्हतं. एक मिनिट धरूनही पट्टा इतका अरुंद झाला होता की पृथ्वी त्यातून बाहेर पडली होती. पुढच्या खेपेला धोंडा चंद्राच्या पाचपट अंतरावरून जाणार. शक्यता शून्य.

"म्हणजे पडणार नाही?" मी विचारलं.

"नाही." ती खुर्चीवर बसली आणि तिने तोंड ओंजळीत झाकलं. काका उभे राहिले, काही म्हणायला गेले, आणि तिने मान वर न करता म्हटलं, "काका, आत्ता नको."

इथे गोष्ट संपली असती तर काकांचं एका अर्थी निभावलं असतं. पण संचालकांनी पत्रकारांना बोलावलं. पेटी घरी गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. धोंडा टळला, आणि टळल्याचं कळलं ते आमच्या वेधशाळेच्या जुन्या प्लेटमुळे. सगळं खरं. त्यांच्या कागदात एक ओळ होती, 'आमच्या कर्मचाऱ्याने एकतीस वर्षं जिवापाड जतन केलेली प्लेट'. काच कापलेली का, असं कोणी विचारलं तर 'काळाच्या ओघात'. काकांना पुढे उभं केलं, हातात प्लेट दिली, फोटो काढले.

आणि काका उभे राहिले. हे मी लपवणार नाही. ते म्हणाले, सगळे इतके आनंदात होते की तोंडच उघडेना. गणितबाई मागे उभी होती. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. भाजीवाल्याने काकांचा हात हातात घेतला. ती दोन महिन्यांच्या मुलीची आई मुलीला घेऊन फाटकापाशी आली, यांच्या पाया पडते म्हणाली. काका मागच्या दाराने निघून गेले. दोन दिवस ते जेवले नाहीत, आणि या वेळी ताईनेही जेव म्हटलं नाही. तिने वर्तमानपत्र समोर ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "जतन मी केली. तू कापलीस."

तिसऱ्या दिवशी त्यांनी संचालकांना पत्र लिहिलं. एक पान, खाडाखोड नाही. कोणती पेटी, कधी, कोणाच्याही परवानगीशिवाय, किती प्लेटा नष्ट, त्यांचे नंबर. संचालक मला नंतर म्हणाले, "मिस्त्री, हा माणूस आठ दिवस आधी बोलला असता तर मी त्याला सांभाळून घेतलं असतं. आता मी जगाला खोटं सांगितलंय." त्यांना राग होता तो स्वतःच्या कागदाचाही असावा, पण तो काकांवर निघाला. चौकशी बसली. गणितबाईला साक्षीला बोलावलं. तिने जे झालं ते सांगितलं, कमीही नाही, जास्तही नाही, आणि शेवटी म्हणाली की वेळेबद्दल हे खोटं बोलू शकले असते, बोलले नाहीत, हेही लिहा. ते लिहिलं गेलं. पण किल्ली गेली. उरलेले सात महिने काकांना टपालाच्या खोलीत बसवलं, आलेली पत्रं वाटायला. तळघराला नवं कुलूप लागलं. माझ्याच हाताने लावलं मी ते.

मला वाटत होतं, आता माणूस खचेल. खचले नाहीत, पण हसणं गेलं. खानावळीत यायचे, कोपऱ्यात बसायचे. कोणी काचकाका अशी हाक मारली की मान खाली घालायचे. हळूहळू लोकांनी ती हाक सोडली, नुसतं काका म्हणू लागले.

चौथ्या महिन्यात एक पत्र आलं, दूरच्या कुठल्या वेधशाळेतून. कोणी म्हातारा संशोधक. एका ताऱ्याचा उजेड कमी-जास्त होतो, त्याचा त्याने चाळीस वर्षं पाठपुरावा केला होता. धोंड्याच्या बातमीत आमच्या प्लेटांचं वाचलं. त्याला फक्त एक प्लेट हवी होती, तेवढ्या एका वर्षाचा उजेड त्याच्याकडे नव्हता. नंबर चार हजार चारशे नऊ.

काकांना तो नंबर वहीत बघायची गरज नव्हती. नऊ छपराला गेली होती.

ते पत्र घेऊन गणितबाईकडे गेले. चौकशीनंतर तिच्या खोलीत जायची ती पहिलीच वेळ. "याचं उत्तर मी लिहू का?"

तिने पत्र वाचलं. "लिहा. पाठवायच्या आधी मला दाखवा."

त्यांनी लिहिलं, सदर प्लेट उपलब्ध नाही, क्षमस्व. तिने ती ओळ खोडली. "उपलब्ध नाही म्हणजे काय? सापडत नाही, की जगातच नाही? तो वाट बघत बसेल ना. म्हातारा आहे."

दुसऱ्यांदा लिहिताना ते माझ्या खोलीत बसले होते. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं की ही प्लेट मी बावीस वर्षांपूर्वी सोड्याच्या पाण्यात धुऊन काढली, तिच्यावरचं काही शिल्लक नाही, वहीत त्या दिवशीच्या आकाशाची नोंद आहे ती सोबत उतरवून देतो, ती पुरणार नाही हे मला माहीत आहे. खाली नाव. गणितबाईने वाचलं, एक शब्द बदलला नाही, आणि पाकिटावर पत्ता स्वतः लिहिला.

उत्तर आलं नाही. टपाल त्यांच्याच हाताखालून जायचं, त्यामुळे आलं असतं तर त्यांनाच आधी कळलं असतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी समारंभ नको म्हटलं, आणि कोणी फार आग्रहही केला नाही. फक्त जाताना मला म्हणाले, "टपालावर लक्ष ठेवा."

आता ते दिवसभर ताईच्या शेडमध्ये असतात. ती पुन्हा बोलू लागली आहे, पूर्वीइतकी नाही, पण जेव म्हणते. आठवड्यातून एकदा त्यांचा मला फोन येतो. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग मुलांची, आणि शेवटी, "काही आलं?"

"नाही, काका. अजून नाही."

"बरं," ते म्हणतात. परवा म्हणाले, "रागावला असेल. रागावलाच पाहिजे." आणि फोन ठेवायच्या आधी पत्ता नीट लिहिला होता ना, असं त्यांनी मला पुन्हा एकदा विचारलं.